पटावर ब्याण्णव

पहिल्या दिवशी वर्गातली मुलं मोजली, ती चौऱ्याण्णव भरली. पटावर ब्याण्णव होती. पुन्हा मोजली, सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा मोजायला घेतली तोवर घंटा झाली.

घंटा म्हणजे झाडाला टांगलेली मोटारीच्या चाकाची लोखंडी रिंग. आमच्याकडे रुळाचा तुकडा असतो, पण आवाज तोच. तेवढाच जीवाला धीर.

मी काही नवखी नव्हते. सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात बावीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. सहलीला एस.टी.च्या दर थांब्याला डोकी मोजून, एकही पोर पन्हाळ्यावर विसरून न आलेली बाई, अशी माझी तालुक्यात ख्याती. तुकडीत पासष्ट मुलं म्हणजे गुरांचा बाजार आहे का, असं मी दर जूनमध्ये मुख्याध्यापकांना ऐकवत असे. ते सगळे शब्द मी त्या दिवशी गोंदरमध्ये उभ्या उभ्या परत घेतले.

गोंदर हे इथिओपियाच्या उत्तरेकडचं गाव. सतराव्या शतकात फासिलादास बादशहाने तिथे राजधानी वसवली. त्याचे दगडी वाडे नि बुरूज अजून गावाच्या मधोमध उभे आहेत. युनेस्कोच्या यादीत ते १९७९ सालीच गेले. गाव दोन हजार मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच. आफ्रिकेत जायचं म्हणून मी सुती साड्यांनी बॅग भरली होती. तिथे पोचल्यावर पहिली खरेदी केली ती लाल स्वेटरची. या स्वेटरचं पुढे काम आहे.

आमचे हे तिथल्या विद्यापीठात गणित शिकवायला गेले होते. साल २००६. त्या वर्षांत इथिओपियात विद्यापीठं भराभर निघत होती आणि भारतातून प्राध्यापक भराभर जात होते. मी बिनपगारी रजा काढून सोबत गेले. आता दोन वर्षं पाय पसरून वाचन करणार, असं मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं. पाय तीन आठवडे पसरलेले राहिले. चौथ्या आठवड्यात गावातल्या सरकारी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक दारात हजर. भारतातून आलेल्या गणिताच्या सरांची बायको इंग्रजीची बाई आहे, ही बातमी त्यांना लागली होती. त्यांच्याकडच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. "फक्त दोन महिने," ते म्हणाले. शिक्षण खात्यातल्या "फक्त दोन महिने"चा अर्थ जगाच्या पाठीवर सगळीकडे एकच असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"शाळा दोन वाजता," असं सांगून ते गेले. दुसऱ्या दिवशी मी दोनला पाच कमी असताना हजर. खोली क्रमांक विचारला, वर्गात शिरले, मुलं धडाधड उभी राहिली. मी स्वतःची ओळख करून दिली, भारताची दिली, वर्तमानकाळाची दिली, आणि मघाशी सांगितलं तसं तीनदा मोजायला घेतलं. घंटा झाल्यावर बाहेर आले तर दाराशी एक गृहस्थ खडू हातात घेऊन उभे. ते भूगोलाचे सर होते. तो वर्ग त्यांचा होता, तो तास त्यांचा होता. पाहुण्या बाईंना मधेच कसं थांबवायचं, म्हणून बिचारे चाळीस मिनिटं बाहेर उभे राहिले होते.

माझा वर्ग सकाळीच माझी वाट पाहून घरी गेला होता. इथिओपियातलं घड्याळ सूर्योदयापासून धरतात. आपल्या सातला त्यांचा एक वाजतो, म्हणजे दोन वाजताची शाळा सकाळी आठची. शाळा दोन पाळ्यांत भरत असल्यामुळे दुपारीही त्याच खोलीत, त्याच बाकांवर, तितकीच मुलं कोंबलेली. चूक कळावी तरी कशी? रिकामा वर्ग दिसला असता तर शंका आली असती. त्या शाळेत रिकामा वर्ग मी दोन वर्षांत पाहिला नाही. तात्पर्य, पहिल्या दिवशी मी मोजलेली मुलं माझी नव्हतीच. आपल्या पंचांगातला दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो, हे मी घरी येऊन यांना ऐकवलं. "मग पंचांग बघून जायचं होतंस," हे म्हणाले.

घड्याळानंतर कॅलेंडर. तिथे तेव्हा १९९९ साल चालू होतं. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे आणि सुरू होतं ते सप्टेंबरात. मी सेहेचाळीसची होते, ती एका विमानप्रवासात एकोणचाळीसची झाले, या आनंदात मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी यांनी कागदावर मांडून दाखवलं की जन्मसालही तितकंच मागे सरकतं, तेव्हा वय तेच राहतं. गणिताशी संसार करण्यात हे असे तोटे असतात. वर्षाचे महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि उरलेला पागुमे पाच दिवसांचा, लीप वर्षी सहाचा. सहकारी सांगत की पगार बाराच महिन्यांचा येतो, पागुमे देवाच्या नावाने. आपल्या अधिक महिन्यात निदान जावयाला अनारसे मिळतात. पुढच्या वर्षी, १२ सप्टेंबर २००७ला, त्यांचं २००० साल उजाडलं आणि गावभर रोषणाई झाली. एक सहस्रक सांगलीत टीव्हीवर आणि एक गोंदरच्या चौकात, अशी दोन मी उजाडताना पाहिली. दोन्हींनंतर शाळेत गेल्यावर वह्यांचा गठ्ठा तेवढाच होता.

ऑफिसात माझं नाव नोंदवताना वेगळाच घोळ झाला. इथिओपियात आडनाव नसतं. आपलं नाव, त्यापुढे वडिलांचं. लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, कारण लग्नाने बाप बदलत नाही. आहे की नाही बिनतोड? मी आपल्या रिवाजाने माझं नाव, यांचं नाव आणि आडनाव असं ऐटीत लिहून दिलं. आडनाव त्यांनी निरुपयोगी म्हणून खोडलं. उरलं माझं नाव आणि यांचं. आठवड्याने पालकसभेला हे मला न्यायला आले, तेव्हा कारकुनाने उठून यांना खुर्ची दिली आणि "लेक फार चांगलं शिकवते हो तुमची" असं सांगितलं. तेव्हापासून यांनी केस काळे करायला सुरुवात केली.

मुलांची नावं अर्थासकट गोड. तेस्फाये म्हणजे माझी आशा, देस्ता म्हणजे आनंद, तिगिस्त म्हणजे सबुरी. वर्गात बिर्तुकान नावाच्या तीन मुली होत्या. बिर्तुकान म्हणजे संत्रं. हे नाव नागपुरातसुद्धा कुणी मुलीला ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ही नावं उच्चारायची म्हणजे सत्त्वपरीक्षा. अम्हारिक भाषेत काही व्यंजनं अशी आहेत की ती घशात अडवून बाटलीचं बूच उडाल्यासारखी सोडायची असतात. माझं बूच काही उडेना. मी हजेरी घ्यायला लागले की ब्याण्णव मुलं तोंडावर वह्या धरून हसत. शेवटी मी फळ्यावर ट, ठ, ड, ढ लिहिलं आणि म्हटलं, म्हणा आता! त्या दिवशी शेजारचे तीन वर्ग बंद पडले. ढ कुणालाच आला नाही. माझ्या माहेरच्या भाषेत याचा स्वतंत्र अर्थ होतो, तो मी सांगितला नाही.

लिपी मात्र पाहिल्याबरोबर आपली वाटली. एकेका व्यंजनाची सात रूपं. बालवाडीतली पोरं ती सुरात म्हणत: ह, हु, ही, हा, हे... आपली बाराखडी पाच घरांनी आखूड केली की झाली त्यांची. तिथून जाताना मी रोज दोन मिनिटं थांबत असे. परक्या देशात बाराखडी ऐकू येणं म्हणजे काय, ते घरापासून चार हजार किलोमीटरवर राहिल्याशिवाय समजायचं नाही.

आता त्या ब्याण्णवांचं गणित. तास चाळीस मिनिटांचा. दर पोरामागे सव्वीस सेकंद येतात. हजेरीला एका नावाला चार सेकंद धरले तरी सहा मिनिटं जातात, आणि माझ्या उच्चारांमुळे दहा. बाक तिघांचा, त्यावर पाच. मी वर्गात शिरले की मुलं आदराने उभी राहत. उभं राहणं सोपं, परत मावणं अवघड. शेवटचं पोर बसेपर्यंत दीड मिनिट. मग मागून कुणीतरी "टीचर, मे आय गो आउट?" विचारणार. त्या पोराला वाट द्यायला चार उठणार, परत आल्यावर पुन्हा चार. वह्या तपासायच्या तर एका वहीला तीन मिनिटं, म्हणजे ब्याण्णवांना साडेचार तासांच्या वर. आणि असे माझ्याकडे चार वर्ग. एका रविवारी हे मदतीला बसले. त्यांनी एका निबंधाखाली "उत्तर बरोबर, रीत चूक" असा शेरा मारलेला पाहून मी गठ्ठा काढून घेतला.

एवढं करून त्या सव्वीस सेकंदांवरही माझा हक्क नव्हता. वर्गात माझ्याआधीच दुसरी बाई नेमलेली होती. लोखंडी पिंजऱ्यात, कुलपात, भिंतीवर. तिला सगळे "प्लाझ्मा" म्हणत. देशात शिकलेले शिक्षक कमी, मुलं अफाट, म्हणून सरकारने २००४च्या सुमारास माध्यमिक शाळांतून मोठाले टीव्ही बसवले आणि उपग्रहावरून इंग्रजीत धडे पाठवायला सुरुवात केली. धडे तयार झालेले दक्षिण आफ्रिकेत. गणित, भौतिक, भूगोल, सगळंच त्यावर. योजना कागदावर नामी होती. राजधानीतल्या पोराला जो धडा, तोच डोंगरातल्या पोराला, त्याच क्षणी. आधी पाच मिनिटं शिक्षकाने प्रस्तावना करायची, मग अर्धा तास प्लाझ्माबाई, शेवटी पाच मिनिटं पुन्हा शिक्षक. म्हणजे मी मंगलाष्टकांपुरती. दर पोरामागे साडेसहा सेकंद.

प्लाझ्माबाई देखणी होती. इस्त्रीचा कोट, चेहऱ्यावर कधी न मावळणारं हसू, खडूची पूड नाही, घसा बसणं नाही. आणि काय वेग! आमची मुलं आधी अम्हारिकमधून शिकून आलेली. ती "गुड मॉर्निंग"चा अर्थ लावेपर्यंत बाई तिसऱ्या व्यायामावर. "हा तक्ता उतरवून घ्या," असं म्हणायची आणि मुलांनी समास आखेपर्यंत तक्ता गायब. मधेच "शेजाऱ्याशी एक मिनिट चर्चा करा," म्हणून पडद्यावर घड्याळ लावायची. शेजारी दोन्ही बाजूंना दोन-दोन. कुणाशी करायची हे ठरेपर्यंत मिनिट संपे. पण तिची खरी कला वेगळीच. ती प्रश्न विचारायची, तीन सेकंद गोड हसत थांबायची, आणि म्हणायची, "व्हेरी गुड!"

वर्गातून चकार शब्द निघालेला नसला तरी व्हेरी गुड. चुकीचं उत्तर आलं तरी व्हेरी गुड. मी बावीस वर्षांत कुणाला सहजासहजी व्हेरी गुड म्हटलेलं नाही. आमच्याकडे "ठीक आहे, बस खाली" हीच शाबासकीची वरची पायरी. एकदा तिने विचारलं, "टीच"चा भूतकाळ काय? मागून एक उंच पोरगा खणखणीत आवाजात म्हणाला, "टीच्ड!"

"एक्सलंट!" प्लाझ्माबाई म्हणाली.

मी म्हटलं, "टॉट."

पोरगा उभा राहिला. चौघं उठली. तो नम्रपणे म्हणाला, "टीचर, बट प्लाझ्मा सेड एक्सलंट."

आता सांगा, काय बोलणार? ती सरकारची, उपग्रहावरून आलेली, माझ्या नेमणुकीचा साधा कागदही झालेला नव्हता. मी म्हटलं, "ठीक आहे, बस खाली."

त्यात उच्चारांचा गोंधळ. ती दक्षिण आफ्रिकेच्या वळणाने "येस"ला "यिस" म्हणायची. मी सांगलीची. "वेट" आणि "व्हेट" यांत माझा जन्मभर गोंधळ. मुलं अम्हारिक वळणाची. एकाच वर्गात इंग्रजीचे तीन संसार, आणि राणीच्या इंग्रजीचा पत्ता कुठेच नाही.

मला सगळ्यात घाबरवलं ते पहिल्या बाकावरच्या एका मुलीने. "समजलं का?" विचारलं की ती डोळे मोठे करून एकदम श्वास आत ओढायची. ठसका लागावा तसा. मी धावत जाऊन पाठ चोळली, पाणी मागवलं. तिच्या शेजारणीला विचारलं, हिला दमा आहे का? शेजारणीनेही तसाच श्वास ओढला. नंतर स्टाफरूममध्ये पाहिलं तर मुख्याध्यापक फोनवर दर वाक्यामागे श्वास ओढताहेत. तो तिथला "हो" आहे. आपण "हं हं" म्हणतो, ते श्वास आत घेऊन "आ" म्हणतात. वर्षभरात ती सवय मला इतकी जडली की परत आल्यावर सासूबाईंनी "चहा घेणार का?" विचारलं, मी तिथल्यासारखी हो म्हटलं, आणि त्यांनी मला धरून पंख्याखाली बसवलं.

खाण्यापिण्याचे हाल होतील, असं निघताना सगळ्यांनी बजावलं होतं. हाल झाले, पण वजनाचे. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी नि शुक्रवारी उपास धरतात, आणि ईस्टरआधी सलग पंचावन्न दिवस. उपास म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. बाकी डाळी, भाज्या, कोबी, बटाटे भरपूर. म्हणजे आम्ही सांगलीत रोज जेवतो ते. साबुदाण्याशिवायचा उपास मी तिथे पहिल्यांदा पाहिला. आणि शिरो! नाव शिऱ्याचं, पण आत पिठलं. कडधान्याचं पीठ, लसूण, लाल मसाला, रटरटून आणलेलं. ते आंबवलेल्या इंजेरावर ओततात. इंजेरा म्हणजे परातीएवढी आंबोळी. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मसाल्याचं होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

फक्त गुर्शाची सवय व्हायला वेळ लागला. गुर्शा म्हणजे प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवणं. घास जितका मोठा तितकं प्रेम जास्त. नाताळच्या जेवणात मुख्याध्यापकांनी यांच्या तोंडात लिंबाएवढा घास कोंबला. यांना याआधी घास भरवला होता तो मी, लग्नात, तोही उखाणा घेऊन. हे कानकोंडे होऊन माझ्याकडे बघत राहिले. तोंड भरलेलं असल्यामुळे बोलता येईना. एक श्वास ओढला.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुकानदार पन्नाशीचा, डोक्यावर लोकरी टोपी. मी डाळ मागितली तेव्हा तो मान डावी-उजवीकडे डोलवत म्हणाला, "मॅडम, यू डू वन थिंग. टेक हाफ किलो नाउ, बॅलन्स टुमॉरो." मी चमकून मागे पाहिलं, आपल्याकडचं कुणी उभं आहे का. कुणी नव्हतं. मग त्याने विचारलं, "व्हॉट इज युवर गुड नेम?" जगात हा प्रश्न असा फक्त आपण विचारतो. बादशहा हैले सेलासींच्या काळात इथिओपियातल्या शाळांतून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. १९७४ साली बादशाही गेली, तरी पिढीच्या पिढी त्यांच्या हाताखालून गेलेली. याला इंग्रजी नि गणित केरळच्या एका सरांनी शिकवलेलं. "हिज कॅनिंग," तो डोळे मिटून म्हणाला, "वॉज व्हेरी सिन्सियर." म्हणजे मी जी भाषा पोचवायला तीन विमानं बदलून आले होते, ती माझ्याआधी तीस-चाळीस वर्षं, मान डोलवण्यासकट, तिथे पोचलेली होती. पुढे वर्गात मुलं माझी नक्कल करायची ती या दुकानदाराचीही नक्कल व्हायची. दोघांचा खर्च एकात.

दुसऱ्या वर्षी विजेची टंचाई सुरू झाली. अम्हारिकमध्ये दिवे गेले की "मेब्रात हेदे" म्हणतात. शब्दाला शब्द: लाईट गेली. त्या काळात महाराष्ट्रातही भारनियमन जोरात होतं, त्यामुळे ते दोन शब्द शिकायला मला एक मिनिटही लागलं नाही. प्लाझ्माबाई एका "व्हेरी गु..." वर काळी पडली. ब्याण्णव तोंडं माझ्याकडे वळली. चाळीसच्या चाळीस मिनिटं माझी! आणि काय करावं ते सुचेना. दीड वर्ष मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजीला एकदम नवरदेव म्हणून उभं केल्यासारखं.

फळा मागच्यांना दिसत नव्हता. पुस्तक तिघांत एक. मोकळी जागा शून्य. वर्गात मुबलक अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मुलं. मग मुलांचेच शब्द केले. एक बाक, पाच पोरं, एक वाक्य. पहिल्या बाकावर "शी", "लाइक", "कॉफी", "व्हेरी", "मच". आता "शी लाइक" म्हटलं की मागे "एस" लागायला हवा. मी अंगातला लाल स्वेटर काढला आणि "लाइक"च्या गळ्यात घातला. हा "एस". झालं, "शी लाइक्स". आता प्रश्न करा. प्रश्न करायचा तर "डू" हवा. तो त्या बाकावर नाहीच, दुसऱ्या बाकावरून यायला हवा. एक पोरगा चौघांच्या पायांवरून तुडवत आला, "शी"च्या डाव्या बाजूला घुसला, आणि येता येता त्याने "लाइक"च्या गळ्यातला स्वेटर ओढून स्वतः घातला. "डू"चा "डझ" झाला, "लाइक" उघडा पडला. डझ शी लाइक कॉफी? बाकाच्या टोकाचे "व्हेरी" नि "मच" या रेटारेटीत खाली पडले. बरोबरच होतं, प्रश्नात त्यांचं काही काम नव्हतं.

प्रश्नार्थक वाक्यात तो "डू" कुठून येतो आणि क्रियापदाचा "एस" कुठे जातो, हे बावीस वर्षं मी सांगलीत फळ्यावर बाण काढकाढून सांगितलं होतं. कुणाला पटलं नव्हतं. आतून मलाही नाही. इथे स्वेटर ओढला गेला त्याबरोबर ब्याण्णव जणांना ते एकदम दिसलं. "डझ शी लाइक" ऐवजी कुणी "डझ शी लाइक्स" म्हणालं की सगळा वर्ग ओरडे, "टीचर, टू स्वेटर्स!" ही चूक दाखवण्याची याहून चांगली पद्धत मला अजून कुठल्या व्याकरणात सापडलेली नाही. पंधरा जणांच्या ऐसपैस वर्गात हा खेळ जमला नसता. तुडवायला पायच नसते.

त्यानंतर लाईट जावी म्हणून मुलं नवस बोलू लागली. मीही. प्लाझ्माबाईबद्दल माझ्या मनात काही नाही. तिला जे सांगितलं होतं ते ती करत होती. पण पिंजऱ्यातून वर्ग दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

या खेळाने आणखी एक झालं. पहिल्यांदाच मला मुलं नीट मोजता आली. वाक्यं केली की प्रत्येक बाकावर पाच पक्के. बाक एकोणीस. म्हणजे पंच्याण्णव. दुसऱ्या दिवशी मोजले, पंच्याण्णव. तिसऱ्या दिवशी, पंच्याण्णव. पटावर ब्याण्णव. मी वर्गाच्या अलाकाला, म्हणजे मॉनिटरला, उभं केलं. हे तीन कोण? त्याने आधी श्वास ओढला. मग हळूहळू सांगितलं. एक त्या संत्र्यांपैकी एकीचा धाकटा भाऊ, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आलेला. दुसरा शेजारच्या तुकडीतला. तिकडे लाईट गेली की सर बाहेर जातात, म्हणून हा इकडे येतो. आणि तिसरा?

तिसरा शेवटच्या बाकावर, खिडकीशी, जाड पांढरी गाबी डोक्यावरून घेऊन बसलेला. मी जवळ गेले. गाबी बाजूला झाली, तर आत साठीचा म्हातारा. तो शाळेचा रात्रपाळीचा राखणदार होता. पहाटे पाळी संपली की तो घरी जातो अशी माझी समजूत. आणि तो दोन वर्षं माझ्या वर्गात! मला भरून आलं. या वयात ही तळमळ! मी अलाकाला म्हटलं, विचार त्यांना, इंग्रजी का शिकावंसं वाटलं?

अलाकाने विचारलं. म्हातारा बराच वेळ बोलला. अलाकाने त्याचा अनुवाद केला.

"टीचर, ही सेज, हिअर सन इज कमिंग."

सकाळच्या वेळी ऊन फक्त त्या एकाच खिडकीतून यायचं.

मी त्यांना उठवलं नाही. मुलांनी त्यांना आधीच वाक्यात घेतलेलं होतं. शेवटच्या बाकाचं वाक्य चारच शब्दांचं, आणि टोकाला म्हातारबाबा हे पूर्णविराम. काम एवढंच: वाक्य संपलं की तिथे असायचं, हलायचं नाही. ते एकदाही चुकले नाहीत. बाकीच्या चौऱ्याण्णवांबद्दल मला तसं लिहून देता येणार नाही.